एका पक्ष्यापायी दोनशे माणसं? 'एन्शंट मॅरिनर' कशी वाचावी

प्रश्न थोडक्यात असा आहे: एम.ए.ला कोलरिजची 'द राइम ऑफ द एन्शंट मॅरिनर' नेमली आहे. गोष्ट समजते, पण हिशेब जुळत नाही. खलाशी एक पक्षी मारतो, त्यापायी दोनशे सोबती मरतात आणि मारणारा मात्र जिवंत घरी परततो. शेवटी 'लहानमोठ्या सगळ्या जिवांवर प्रेम करा' असा बोध. एवढं सांगायला सव्वासहाशे ओळी कशाला? आणि समासात बारीक टाइपात जे गद्य छापलेलं असतं ते वाचायचं, की सोडून द्यायचं?

हिशेब जुळत नाही हे तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. तो ओढूनताणून जुळवायला जाऊ नका. गाइडांमध्ये 'गुन्हा, शिक्षा, पश्चात्ताप, मुक्ती' असा चार खणांचा तक्ता असतो. कविता त्यात कोंबली की चारही खण गळायला लागतात. गुन्ह्याला कारण सापडत नाही, शिक्षा भलत्यांनाच होते, पश्चात्ताप ठरवून झालेला नाही आणि मुक्ती अर्धवटच राहते. त्यामुळे वर्गात ही कविता घेताना मी 'खलाशाने चूक केली का?' इथून सुरुवात करत नाही. प्रत्येक ओळीपाशी 'हे कोण बोलतंय?' एवढंच विचारायला लावतो. तुमच्या तिन्ही शंकांची उत्तरं त्या एका प्रश्नातून निघतात.

त्याआधी हातातला पाठ कोणता ते बघून घ्या, कारण पुढचं बरंच त्यावर अवलंबून आहे. कविता नोव्हेंबर १७९७ ते मार्च १७९८ या काळात लिहिली गेली आणि १७९८च्या 'लिरिकल बॅलड्स'मध्ये, कवीच्या नावाशिवाय, पहिल्याच पानापासून छापली गेली. तेव्हा शब्दांची स्पेलिंगं मुद्दाम जुनाट वळणाची होती आणि समासात काहीही नव्हतं. १८००च्या आवृत्तीत, संग्रहाचा सहलेखक असलेल्या वर्ड्‌स्वर्थने ती पहिल्या खंडाच्या शेवटाकडे ढकलली, भाषेचा जुनाटपणा कमी झाला, आणि वर तिचे दोष सांगणारी टीपही त्याने जोडली. समासातलं गद्य आणि सुरुवातीचा लॅटिन उतारा आला तो थेट १८१७ साली, 'सिबिलीन लीव्ह्ज' या संग्रहात. आज अभ्यासक्रमात साधारणपणे १८३४चा, ६२५ ओळींचा पाठ असतो. समासात टिपा दिसल्या तर तुमचा पाठ १८१७ नंतरच्या घराण्यातला आहे. उत्तरपत्रिकेत '१७९८ साली कोलरिज समासात म्हणतो' असं लिहिलं की परीक्षकाची लाल शाई तिथे पडतेच.

पहिलं वाचन मोठ्याने करा, समास कागदाने झाकून. अर्धा-पाऊण तास लागतो. बॅलडचं, म्हणजे कथागीताचं, साधं कडवं चार ओळींचं असतं: पहिल्या-तिसऱ्या ओळीत चार आघात, दुसऱ्या-चौथीत तीन, आणि यमक दुसऱ्या-चौथीचं. कान त्या चालीला सरावला की ती कुठे मोडते ते आपोआप कळतं. कोलरिज कडवं पाच, सहा ओळींपर्यंत ताणतो. तिसऱ्या भागात एक कडवं तर चक्क नऊ ओळींचं आहे. भुताचं जहाज नुकतंच निघून गेलंय, शिडांवरून दव ठिबकतंय, सुकाणू धरणाऱ्याचा चेहरा दिव्याच्या उजेडात पांढराफटक दिसतोय, आणि पूर्वेला शिंगाळ्या चंद्राच्या खालच्या टोकाच्या आत एक तारा चमकतोय. पुढच्याच कडव्यांत माणसं कोसळायला लागतात. म्हणजे मरणाच्या आधीचा श्वास कवीने नऊ ओळी रोखून धरलाय. चंद्रकोरीच्या आत तारा दिसणं खगोलदृष्ट्या अशक्य आहे, कारण तिथे चंद्राचाच अंधारा भाग असतो. १७९८च्या पाठात तो 'जवळजवळ दोन टोकांच्या मधे' होता, नंतर कवीने तो आणखी अशक्य जागी नेला. चंद्रामागे तारा लागला की काहीतरी अनिष्ट घडतं, असा खलाशांचा समज असल्याचं त्याने टिपून ठेवलं होतं. तेव्हा ती जागा अज्ञानातून आलेली नाही.

आता ज्या कडव्यावर सगळं अडतं त्याकडे येऊ. पहिल्या भागाचं शेवटचं कडवं, ओळी ७९ ते ८२. अडीच ओळी वऱ्हाड्याच्या आहेत. हा नवरदेवाचा जवळचा नातलग, लग्नाला निघालेला, खलाशाने दारातच अडवून ठेवलेला. तो घाबरून म्हणतो, 'देव तुला वाचवो, असा काय बघतोस?' आणि त्या 'सो' या शब्दावर यमक मारत, त्याच ओळीच्या उरलेल्या अर्ध्या भागात, कबुली येते: 'विथ माय क्रॉसबो / आय शॉट द अल्बट्रॉस' (माझ्या आडव्या धनुष्याने मी अल्बट्रॉसला, त्या समुद्रपक्ष्याला, मारलं). संपलं. का, ते नाही. राग नाही, भूक नाही, पैज नाही. पक्षी कसा पडला तेही नाही. भाग तिथेच तुटतो. ६२५ ओळींच्या कवितेत मुख्य कृत्य दीड ओळीत उरकलंय, आणि तेही दुसऱ्याने चेहरा वाचला म्हणून तोंडातून निघालंय.

कारण सुचलं नाही म्हणून ते गाळलं गेलं, असं कुणी म्हणेल. पण कारण तयार होतं. नोव्हेंबर १७९७मध्ये कोलरिज, वर्ड्‌स्वर्थ आणि त्याची बहीण डोरोथी वर्ड्‌स्वर्थ सॉमरसेटच्या किनाऱ्याकडे पायी निघाले होते. प्रवासखर्चापुरते पाच पौंड मिळावेत म्हणून मासिकासाठी दोघांनी मिळून एक कविता लिहायची असा बेत होता. पक्षी मारण्याची कल्पना वर्ड्‌स्वर्थने सुचवली. जॉर्ज शेल्व्हॉकचं १७२६चं सफरीचं पुस्तक त्याने नुकतंच वाचलं होतं. त्यात सायमन हॅटली नावाचा अधिकारी केप हॉर्नच्या भागात, जहाजामागे रेंगाळणारा एक काळा अल्बट्रॉस मारतो. कारणही दिलेलं आहे: उदास मनःस्थितीत त्या रंगामुळे त्याला तो अपशकुनी वाटला, आणि मारला तर वारा अनुकूल होईल असा त्याचा होरा होता. कोलरिजने घटना घेतली आणि कारण मारणाऱ्याकडून काढून घेतलं. ते त्याने दिलं कुणाला? बाकीच्या खलाशांना. दुसऱ्या भागात ते आधी म्हणतात, वारा आणणारा पक्षी मारलास, घोर पाप केलंस. पुढच्याच कडव्यात धुकं विरतं, सूर्य वर येतो, आणि तेच लोक म्हणतात, धुकं आणणारा पक्षी मारलास, बरं केलंस. दोन कडव्यांची घडण सारखी, शब्दही बरेचसे तेच, फक्त निकाल उलटा. त्यांची नीती हवामानावर चालते. ही दोन कडवी शेजारी शेजारी लिहून दाखवलीत तर उत्तराला चांगलं वजन येतं.

आपल्याकडच्या वाचकाला इथे क्रौंचवध आठवतो, आणि तुलना करायला हरकत नाही, फक्त फरक सांगायला विसरू नका. निषाद शिकारी आहे, त्याने पक्षी का मारला हे कुणाला विचारावं लागत नाही. शाप देणारा वाल्मीकी बाहेरचा साक्षीदार आहे, आणि काव्य त्याच्या तोंडून येतं. इथे मारणाराच पुढे कथेकरी होतो, आणि त्याच्या कृत्यावर त्या क्षणी बोलणारं कुणी नाही.

आता दोनशे माणसांचा प्रश्न. 'खलाशाला शाप लागतो' असं आपण सरसकट म्हणून मोकळे होतो. पण कवितेत तीन वेगवेगळी लफडी एकाच वेळी चालू आहेत आणि ती वेगवेगळ्या वेळी मिटतात. ती एकत्र कालवली की अन्याय दिसतो.

पहिलं लफडं दक्षिण ध्रुवाकडच्या आत्म्याचं. तो बर्फाच्या प्रदेशातून नऊ वाव, म्हणजे ५४ फूट, खोलीवरून जहाजामागे येतो. त्याचा तो पक्षी लाडका होता, आणि पक्ष्याचं प्रेम होतं ते नेमकं मारणाऱ्यावर. हे पाचव्या भागाच्या शेवटी दोन आवाजांच्या संभाषणातून कळतं.

दुसरं आहे फाशांचं. तिसऱ्या भागात वारा नसताना एक सांगाडा झालेलं जहाज येतं, त्यावर मृत्यू आणि 'लाइफ-इन-डेथ' ही बाई फासे टाकत बसलेली असतात. ती ओरडते, 'मी जिंकले!' खलाशी तिच्या वाट्याला, बाकी सगळे मृत्यूच्या. इथे न्यायाधीश कुणी नाही, फासे आहेत, आणि फाशांना कुणाची चूक किती ते कळत नाही. कवीने दोनशे मरणं मुद्दाम अशा जागी ठेवलीत की हिशेब मागायला समोर कुणी नसावं. 'मारणारा वाचला' असं तुम्ही म्हणता, पण या खेळात मरणं ही हलकी शिक्षा आहे. जिवंतपणीच मेल्यासारखं राहणं हे त्या बाईचं राज्य, आणि ती जिंकलेली वस्तू परत देत नाही.

तिसरं, मेलेल्यांच्या डोळ्यांतला शाप. मरताना प्रत्येकाने मान वळवून त्याच्याकडे पाहिलेलं असतं. अनाथाच्या शापाने स्वर्गातला जीवही नरकात ओढला जाईल, पण मेलेल्या माणसाच्या नजरेतला शाप त्याहून भयंकर, असं तो सांगतो. सात दिवस, सात रात्री ती नजर तो सोसतो, तरी मरण येत नाही.

आता मिटण्याचा क्रम बघा. सोबत्यांनी त्याच्या गळ्यात अडकवलेला मेलेला अल्बट्रॉस चौथ्या भागाच्या शेवटी गळून पडतो, त्याला प्रार्थना करता येते. पण डोळ्यांतला शाप तेव्हाही शाबूत असतो. सहाव्या भागात चांदण्यात ते दगडी डोळे पुन्हा त्याच्यावर रोखलेले आहेत, आणि तो बंध तुटतो तो त्यानंतर. ध्रुवाचा आत्मा परत जातो ते प्रायश्चित्त पुढेही चालेल हे ठरल्यावरच. आणि लाइफ-इन-डेथचा डाव? तो कवितेत कुठेच संपत नाही. अवेळी ती कळ पुन्हा उठते, आणि गोष्ट कुणाला तरी सांगेपर्यंत आत जाळत राहते. वऱ्हाड्याला अडवणं हा त्याच डावाचा भाग आहे.

आता समासटिपा. 'खलाशांनी कृत्याचं समर्थन केलं म्हणून ते गुन्ह्यात भागीदार झाले' हे वाक्य तुमच्या नोट्समध्ये असणारच. ते कवितेच्या ओळींत नाही, समासटिपेत आहे. पहिली १९ वर्षं कविता त्या खुलाशाशिवायच वाचली गेली. शेजारचं आणखी एक उदाहरण घ्या. कविता म्हणते, मी अल्बट्रॉस मारला. समासटीप म्हणते, खलाशाने आतिथ्यधर्म मोडून शुभशकुनी, पुण्यवान पक्ष्याचा वध केला. तीन निवाडे तिने आपल्या पदरचे घातले. समासटिपेचा आवाज सतराव्या शतकातल्या एखाद्या पंडित संपादकाचा आहे. त्याला सगळं जागच्या जागी लावायचं आहे, भुतांचे प्रकार सांगायचे आहेत, कोण दोषी ते नोंदवायचं आहे. म्हणून तो कविता नीट समजावतो असं गृहीत धरू नका. तो स्वतःशीही नेहमी जुळत नाही: जहाज पॅसिफिकमधून उत्तरेकडे येत विषुववृत्ताला पोचलं असं दुसऱ्या भागात सांगतो, आणि पाचव्या भागात आत्म्याने जहाज विषुववृत्तापर्यंत नेलं असं पुन्हा सांगतो. मग टिपा वाचायच्या की नाही? वाचायच्या, पण दुसऱ्या वाचनात, आणि एका पात्राचं म्हणणं म्हणून. त्यातलं काही गद्य अप्रतिम आहे. चौथ्या भागात चंद्र आणि ताऱ्यांबद्दलची टीप तर मूळ कडव्याच्या बरोबरीने उभी राहते.

आवाज मोजले तर असे भरतात: बॅलड सांगणारा निनावी निवेदक, खलाशी, मधे मधे घाबरणारा वऱ्हाडी, समासातला पंडित. शिवाय दोन अदृश्य आवाज, आणि शेवटी खलाशाला वाचवायला नावेतून येणारे वाटाड्या, त्याचा पोरगा व साधू यांचे तुकडे. तिसऱ्या वाचनात पेन्सिलीने प्रत्येक कडव्यापुढे बोलणाऱ्याचं आद्याक्षर लिहा. कंटाळवाणं काम आहे, पण बहुतेक चुका त्यानेच टळतात.

तेव्हाच आणखी एक खूण करा: प्रत्येक भाग कुठे संपतो. पहिला पक्षी मारण्यावर. दुसरा पक्षी गळ्यात अडकवण्यावर. तिसरा सोबत्यांचे आत्मे क्रॉसबोच्या बाणासारखे सणसणत शेजारून जातात त्यावर. चौथा पक्षी शिशासारखा समुद्रात बुडण्यावर. पाचवा पक्ष्याच्या प्रेमाची गोष्ट सांगून, 'याने प्रायश्चित्त केलंय आणि आणखी करील' यावर. सहावा, साधू आपल्या हातून अल्बट्रॉसचं रक्त धुऊन टाकील या आशेवर. सहा वेळा गोष्ट फिरून त्याच जागी येते. सातव्याच्या शेवटी पक्षी नाही, वऱ्हाडी आहे. वर्ड्‌स्वर्थची १८००ची तक्रार अशी होती की खलाशाला स्वतःचं व्यक्तिमत्त्व नाही, तो काही करत नाही, त्याच्यावरच सगळं घडत राहतं, आणि घटना एकीतून दुसरी अशा निघत नाहीत. वर्णन म्हणून यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. दोष म्हणून मात्र मला पटत नाही. एखाद्या धक्क्यातून बाहेर न आलेला माणूस गोष्ट अशीच सांगतो. निबंधकार चार्ल्स लॅमनेही तेव्हाच वर्ड्‌स्वर्थला पत्र लिहून कवितेची बाजू घेतली होती.

चौथ्या भागातला आशीर्वाद हे दुसरं कडवं, जिथे हळू वाचायला हवं. दुसऱ्या भागात सडक्या समुद्रावर बुळबुळीत प्राणी वळवळत होते. चौथ्याच्या सुरुवातीला तो म्हणतो, इतकी देखणी माणसं मेली, आणि हजारो बुळबुळीत जीव जगले, मीही जगलो. स्वतःला तो त्यांच्यात मोजतो, तेही किळसेने. मग चंद्र वर येतो. जहाजाच्या सावलीबाहेर पाणसाप पांढरी चमक उडवत जातात, सावलीच्या आत त्यांचे रंग दिसतात: निळा, तकतकीत हिरवा, मखमली काळा. प्राणी बदललेले नाहीत. उजेड बदलला आणि बघणारा. आणि तो त्यांना नकळत आशीर्वाद देतो. 'अनअवेअर' हा शब्द एकाच कडव्यात दोनदा, दोन्ही वेळा ओळीच्या शेवटी. मारताना कारण नव्हतं, आशीर्वाद देतानाही नाही. म्हणून इथे 'खलाशी पश्चात्ताप करतो' असं लिहू नका. त्याने आधी प्रार्थनेचा प्रयत्न केला होता आणि तो फसला होता. ठरवून जे जमलं नाही ते बेसावधपणी घडलं. 'गुन्हा, पश्चात्ताप, मुक्ती' हा तक्ता इथे मोडतो.

त्यानंतर पाऊस येतो, प्रेतं उठून दोर ओढायला लागतात, आणि एक कडवं हमखास नजरेतून सुटतं. शेजारी पुतण्याचं प्रेत उभं आहे, गुडघ्याला गुडघा लागून. दोघं एकच दोर ओढतात. तो एक शब्द बोलत नाही. जहाजावर याचं रक्ताचं माणूस होतं हे आपल्याला पहिल्यांदा कळतं ते इथे, आणि पुन्हा त्याचा उल्लेख नाही. भावनिक परिणामावर प्रश्न आला तर हे कडवं वापरा. चौथ्या भागातलं 'अलोन, अलोन' (एकटा, एकटा) सगळेच वापरतात.

सफरीचा नकाशा काढायचा असेल तर सूर्यावरून काढता येतो. पहिल्या भागात सूर्य डाव्या हाताला समुद्रातून उगवतो, म्हणजे जहाज दक्षिणेकडे चाललंय. दुपारी तो डोलकाठीच्या थेट वर येतो, म्हणजे विषुववृत्त. वादळ, बर्फ, पक्षी. मग दुसऱ्या भागात सूर्य उजवीकडे उगवतो: जहाज केप हॉर्न ओलांडून उत्तरेकडे वळलंय. 'त्या मुक्या समुद्रात (पॅसिफिकमध्ये) शिरणारे आम्हीच पहिले' असं म्हणतात, म्हणजे काळ मॅगेलनच्या, अर्थात १५२०च्याही आधीचा धरायचा. क्रॉसबो, मेरीमातेची प्रार्थना, पापाची कबुली ऐकणारा साधू, हे सगळं त्याच काळाशी जुळतं. इथवर दिशा चोख आहेत. कोलरिजच्या शाळेत, क्राइस्ट्स हॉस्पिटलमध्ये, गणित शिकवणारा विल्यम वेल्स हा कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीवरचा खगोलज्ञ होता, हे इथे लक्षात ठेवण्याजोगं. परतीचा मार्ग मात्र नकाशावर काढायला जाऊ नका. खलाशी तेव्हा बेशुद्ध आहे.

कोलरिजने तेव्हा स्वतः खुल्या समुद्रावर प्रवास केलेला नव्हता. पुढे केल्यावर त्याला जाणवलं की जहाजावरच्या माणसाला मागची पाण्याची रेघ 'पाठलाग करताना' दिसत नाही, ती दूर वाहत गेल्यासारखी दिसते. म्हणून 'द फरो फॉलोड फ्री'मधला 'फॉलोड' त्याने १८१७ला बदलला. पण ओळीतली 'फ'ची धाव गेली, आणि नंतर त्याने मूळ शब्द परत आणला. तहानेची वर्णनं तितकी ऐकीव नाहीत. जहाज दिसल्यावर कोरड्या तोंडाचे खलाशी दात विचकतात, ते वेल्समधल्या प्लिनलिमन डोंगरावर तहानेने व्याकूळ होऊन डबकं सापडल्यावर झालेल्या सोबत्याच्या आणि स्वतःच्या चेहऱ्यावरून घेतलं, असं त्याने सांगितलंय. 'विलिंग सस्पेन्शन ऑफ डिसबिलीफ' (अविश्वास स्वखुशीने बाजूला ठेवणं) हे कोलरिजच्याच १८१७च्या 'बायोग्राफिया लिटरारिया'तलं वाक्य सगळे उत्तरात टाकतात. ते टाकायचं असेल तर अशा जागी टाका: जहाज अशक्य आहे, तहान खरी आहे.

राहिला बोध. 'ही प्रेअथ बेस्ट, हू लव्हथ बेस्ट' (जो उत्तम प्रेम करतो तोच उत्तम प्रार्थना करतो) हे म्हणतो खलाशी. कवितेचा निवेदक नाही, समासातला पंडित नाही, कोलरिज तर नाहीच. हा बोध खोटा आहे असं मी म्हणणार नाही. पुतण्याचं प्रेत शेजारी असताना दोर ओढलेल्या माणसाला एवढं साधं काहीतरी हवं असणार, हे समजण्यासारखं आहे. पण तो ऐकणाऱ्यावर कसा लागू पडतो ते बघा. वऱ्हाडी लग्नघराच्या दारातून मागे फिरतो, आनंदात सामील न होता, आणि दुसऱ्या दिवशी जास्त शहाणा पण जास्त उदास होऊन उठतो. सगळ्यांवर प्रेम करा असं ऐकून माणूस जवळच्या नातलगाच्या लग्नाला जात नाही! बोध आणि त्याचा परिणाम यांत ही जी फट आहे, तिथे तुमचं उत्तर उभं करा.

कोलरिजचं स्वतःचं मतही नोंदलेलं आहे. १८३०मधल्या संभाषणात तो सांगतो की कवयित्री मिसेस बार्बोल्डने कवितेत दोन दोष काढले होते: ती अशक्यप्राय आहे, आणि तिला बोध नाही. त्याचं उत्तर असं की उलट बोधच जास्त झालाय. अरबी कथेतला व्यापारी विहिरीपाशी खजूर खाऊन बिया टाकतो आणि एकदम जिन्न उभा राहून म्हणतो, तुझ्या बीने माझ्या मुलाचा डोळा फुटला, आता तुला मारणार. कवितेत त्याहून अधिक बोध नको होता. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणलेल्या 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' वाचलेल्यांना ही गोष्ट आठवेल, आणि तिचा पुढचा भागही: त्या व्यापाऱ्याचा जीव वाचतो तो तीन म्हाताऱ्यांनी जिन्नाला गोष्टी सांगितल्यामुळे. कोलरिज हा भाग बोलत नाही. पण गोष्ट सांगून सुटका विकत घेणं हे खलाशाच्या वाट्यालाही आलंय, फक्त त्याला ती हप्त्याहप्त्याने घ्यावी लागते.

समीक्षेत काय वाचायचं ते पेपरवर ठरवा. अमेरिकन समीक्षक रॉबर्ट पेन वॉरनचा १९४६चा निबंध सूर्य-चंद्राच्या प्रतीकांसाठी लागतो. चांगलं चंद्राखाली आणि वाईट सूर्याखाली घडतं, या त्याच्या मांडणीला कविता पूर्ण साथ देत नाही, कारण दोनशे माणसं चंद्राखालीच मरतात. गुलामांच्या व्यापाराशी जोडणारं वाचनही आहे, आणि कोलरिजने १७९५ला ब्रिस्टलमध्ये त्या व्यापाराविरुद्ध व्याख्यान दिलं होतं हा त्याला खरा आधार आहे. पण कवितेत गुलाम नाहीत, तेव्हा संदर्भ म्हणून मांडा, सिद्धांत म्हणून नको. अफूचा मुद्दा टाळा. तो कोलरिजच्याच 'कुब्ला खान' या कवितेचा आहे. ही कविता महिनोन्‌महिने घडवलेली आणि पुढे वर्षानुवर्षं दुरुस्त केलेली आहे.

अवतरणं तपासून लिहा. 'वॉटर, वॉटर, एव्हरी व्हेअर' नंतर 'नॉर एनी ड्रॉप टु ड्रिंक' आहे, 'अँड नॉट अ ड्रॉप' नाही. ओळ आठवत नसेल तर भागाचा क्रमांक द्या, चुकीचे शब्द देऊ नका. आणि हातात दोनच दिवस असतील तर सगळी कविता एकदा मोठ्याने वाचून झाल्यावर पहिल्या भागाची शेवटची पाच कडवी, दुसरा आणि चौथा भाग पूर्ण, सहाव्यातला दगडी डोळ्यांचा तुकडा, आणि सातव्यात साधू 'तू कसला माणूस आहेस?' विचारतो तिथपासून शेवटपर्यंत, एवढं पेन्सिल घेऊन पुन्हा करा. साधूच्या त्या प्रश्नाला खलाशी सरळ उत्तर देत नाही, लगेच कळ उठते आणि तो गोष्ट सांगायला लागतो. गोष्ट सांगण्याची ती पहिली वेळ. 'खलाशाचं पात्र' असा प्रश्न आला तर सुरुवात तिथून करा.